उसाची टेकडी

आळेफाट्याला एका गॅरेजच्या वर नकाशेवाल्या भाऊंचं दुकान आहे. ड्रोनने मोजलेल्या उंचीवरून ते गावांचे पाणलोट नकाशे संगणकावर बनवतात आणि ऑनलाइन टाकतात. बातमीसाठी नकाशे घ्यायला मी तिथे बरेचदा जातो. चहा बशीत ओतण्याआधी ते टेबलाचा उतार बघतात. स्वतःचं मत कधी सांगत नाहीत. "नकाशा म्हणतो," अशीच सुरुवात असते.

मध्यंतरी महाळुंगे पडवळचे एक शेतकरी आले. नकाशात त्यांच्या रानात टेकडी दिसत होती. ओढा तिला वळसा घालून जात होता, त्यामुळे बंधारा शेजाऱ्याकडे चालला होता.

"भाऊ, टेकडी न्हाई ती. ड्रोन आला तवा ऊस उभा व्हता."

"आता कुठंय?"

"कारखान्याला गेला."

"नकाशा म्हणतो, टेकडी हाय. टेकडी कारखान्याला जात न्हाई, राव."

तरी भाऊंनी बेण्यासाठी राखलेला एक ऊस आणायला सांगितला. दुसऱ्या दिवशी तो भिंतीला उभा करून टेपने दोनदा मोजला, आणि तेवढी उंची त्या रानातून वजा केली. टेकडी गेली, ओढा सरळ झाला, बंधाऱ्याची खूण शेतकऱ्याच्या रानात आली.

शेतकरी हात जोडून उठले. भाऊंनी विचारलं, "औंदा काय लावणार?"

"ऊसच की."

भाऊंनी भिंतीला टेकवलेल्या उसाकडे पाहिलं.

"पुढची मोजणी हुईस्तोवर कांदा लावा," ते म्हणाले. "नकाशात कांद्यावरनं पाणी जातं."