छातीशी धरलेली परात

थंडीत सकाळी पितळी परातीला हात लागला की मला नशिराबादची काकू आठवते. जळगावला तिला कॅन्सरसाठी गॅमा किरणांचे शेक चालू होते आणि आपल्या अंगातून किरणं बाहेर पडतील, या भीतीनं ती तान्ह्या नातवाला जवळच घेत नव्हती. घरातला एकुलता एक बी.एस्सी. म्हणून मी ओसरीवर तासच घेतला: अल्फा कागदानं अडतो, बीटा पातळ पत्र्यानं, गॅमाला जाड शिसं लागतं; पण बॅटरी विझवल्यावर खोलीत उजेड उरतो का? तसं तुझ्यातही काही उरत नाही. "तुनं खरं शे भाऊ, पन पोऱ्या धाकला शे," म्हणत तिनं माझ्या भाषणातला फक्त पत्रा उचलला. स्वयंपाकघरातून परात आणून छातीशी टेकवली आणि मगच हात पसरले. सुनेनं बाळ दिलं. गार पितळ लागताच ते किंचाळलं. "देख, त्याले बी समजनं," म्हणून काकूनं ते परत दिलं, आणि शेवटपर्यंत पुन्हा मागितलं नाही. मी शहाणा तिथंच उभा राहून तिला शिसं समजावत होतो. परात चुलीशी जरा ऊन करून द्यावी, एवढं साधं मला आता सुचतं.