दुसरा फटका

चिखलीत मी छत्रीने मारलेला माणूस चोर नव्हता, हे आता सांगून टाकतो.

ग्रीसने माखलेल्या कपड्यांतला तो "स्टँड, स्टँड!" ओरडत माझ्या स्कूटरमागे धावला आणि गतिरोधकापाशी त्याने माझा खांदा धरला. घाबरून मी छत्री हाणली. तो डोकं धरून खाली बसला, तरी आणखी एक हाणली.

"काका, पहिला फटका बचावाचा, मान्य हाय. मी बसल्यावर दुसरा कशाचा?"

"स्वसंरक्षणाचा कायदा आहे!" मी ओरडलो.

"व्हय, पण मी बसलो तवाच त्यो संपला."

मग त्याने माझ्या स्कूटरचं खाली राहिलेलं साइड स्टँड पायाने वर केलं.

चोराला पिटाळल्याबद्दल सोसायटीने मला शाल दिली. उद्या ती परत करणार आहे. पहिल्या फटक्यापुरती अर्धी ठेवावी का, एवढंच ठरत नाही.