टॅगवर सही माझी

आमच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साठतात. एक सांगायला बसलं की मागून दुसरा ढकलत येतो. क्रांती चौकाजवळच्या एका बोळात आमचं छोटं वर्कशॉप आहे. भिंतीवर टांगलेले लाल फायर सिलेंडर असतात ना, ते तपासायचे, गरज पडली तर भरायचे आणि त्यांच्या मानेला पुठ्ठ्याचा टॅग बांधून सही करायची, हे आमचं काम. आमचं म्हणजे माझं आणि गफूरभाईंचं. गफूरभाई माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, हात कसबी आणि जीभ तिखट. व्हॉल्व्ह खोलायचं काम त्यांचं आणि सही माझी. कारण काय, तर "मियाँ, तुमारा अक्षर अच्छा है!"

गंमत बघा, आमचा माल वर्षानुवर्षं कुणी वापरत नाही आणि वापरायची वेळ येऊ नये हीच आमची इच्छा. पण एखाद्या दिवशी आली आणि सिलेंडर चाललाच नाही, तर? टॅगवर सही माझी! त्यामुळे गिऱ्हाइकाचा फोन वाजला की मी हातातलं काम टाकून धावतो. समोरचा "चहाला या" म्हणायच्या आत मी विचारतो, "आग नाही ना लागली?" बायको म्हणते, "अहो, लोकांना आधी हॅलो तरी म्हणत जा."

* * *

सोयगावच्या एका जिनिंगमध्ये आम्ही पहिल्यांदाच गेलो होतो. चहूकडे कापसाचे ढीग. तिथल्या म्हाताऱ्या दिवाणजींनी अभिमानानं सिलेंडर दाखवला. असा चकचकीत सिलेंडर मी जन्मात पाहिला नव्हता!

"दर दसऱ्याला सगळ्या मशिनींसंगं ह्याला बी रंगाचा एक हात मारतो," दिवाणजी म्हणाले.

हात मारला होता खरा, पण सगळ्यावरच! पिन रंगात, पाइप रंगात आणि प्रेशर दाखवणारी काच तर पार लालेलाल. गफूरभाईंनी पिन ओढली, ती हलेना.

"दिवाणजी, काटा कुठंय?" मी विचारलं.

"आत हाय की!"

"इत्ते प्यार से तो हमकू हमारी शादी में बी नै सजाए थे," गफूरभाई पुटपुटले आणि चाकू घेऊन बसले. रंग खरवडून, पिन मोकळी करून, आतलं सगळं तपासून टॅग बांधेपर्यंत अर्धा दिवस गेला. इतके दसरे तिथं ठिणगी पडली नाही, हे नशीबच. मी कपाळाचा घाम पुसला. दिवाणजी मात्र सिलेंडरकडं बघून हळहळत होते.

"साहेब, आता हे लई सोलल्यावानी दिसतंय. वरून एक हात मारू का?"

* * *

शहरातल्या एका कार्यालयाचा किस्सा. कागदावर चार सिलेंडर, भिंतीवर चार खिळे, आणि खिळ्यांवर काहीच नाही!

"चोरीला गेले का काय?" मी घाबरून विचारलं.

"छे हो! चोरीला जाऊ नयेत म्हणून तर लोखंडी कपाटात ठेवलेत," हेडक्लार्क म्हणाले. "कुलूप लावून."

"चावी?"

"बोराडेंकडं. ते आज रजेवर आहेत."

"आणि आत्ता आग लागली तर?"

हेडक्लार्क खुर्चीत मागे टेकले. त्यांनी प्रश्नाचा अगदी मनापासून विचार केला आणि म्हणाले, "तशी काय काळजी नाय. बोराडे इथं जवळच, पुंडलिकनगरला राहतात!"

* * *

काही फायर सिलेंडरमध्ये पावडरऐवजी कार्बन डायऑक्साइड गॅस असतो. त्या गॅसच्या सिलेंडरला काटा नसतो. तो वजन करून तपासावा लागतो. वाळूजच्या एका कारखान्यातल्या गॅसच्या सिलेंडरचं वजन दर उन्हाळ्यात उतरायचं. हिवाळ्यात एकदम ठीक, मे महिन्यात निम्मं! गफूरभाईंनी तो दोनदा पाण्यात बुडवून बुडबुडे शोधले. एकही निघाला नाही. "ये सिलेंडर गर्मी में रोजे रखता क्या?" म्हणाले.

मग एकदा आम्ही न कळवता, ऐन जेवणाच्या सुट्टीत जाऊन धडकलो. शेडच्या मागं पाच-सहा कामगार गोलात बसलेले. मधे बादली, बादलीत कलिंगड आणि कलिंगडावर आमच्या सिलेंडरचा नळा रोखलेला!

"लई गार होतंय साहेब," एक जण उठून अदबीनं म्हणाला. "खाऊन तर बघा!"

गफूरभाईंनी उर्दू, मराठी आणि हिंदी अशा तीन भाषांत त्यांची हजेरी घेतली. वेल्डिंगची ठिणगी उडाली आणि हा रिकामा निघाला तर काय कराल, असं विचारून सगळ्यांना माना खाली घालायला लावल्या. माझ्या मात्र जिवात जीव आला होता, कारण गळती आमच्या व्हॉल्व्हची नव्हती. शेवटी दम लागला म्हणून गफूरभाई खाली बसले, समोरची फोड उचलली आणि तोंडात टाकली.

"मियाँ," माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "गॅस एकदम अस्सल भरे अपन!"

* * *

एका पतसंस्थेत आग विझवून दाखवायचा डेमो होता. सगळा स्टाफ अंगणात उभा, मॅनेजर पुढं. आम्ही लोखंडी ट्रेमध्ये लाकडं रचली, वर डिझेल ओतलं आणि काडी लावली. पेटेना! लाकडं ओली होती आणि त्यात वारं सुटलेलं. गफूरभाईंनी अख्खी काडेपेटी संपवली. आग विझवणारे म्हणून आमची ओळख करून दिलेली, आणि आम्हाला आगच लावता येईना.

मला तर जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. तेवढ्यात मॅनेजर स्टाफकडं वळले. "बघितलं? ह्यांचं सिलेंडर नुसतं शेजारी ठेवलं तरी आग पेटत नाय!"

टाळ्या वाजल्या. सगळे चहाला गेले.

* * *

आता हा किस्सा, जिथं घडला तिथली माणसं सोडली तर, मी बरीच वर्षं कुणाला सांगितला नव्हता. गफूरभाईंनाही नाही.

शाळेचे गणवेश शिवणारा एक कारखाना आमचं जुनं गिऱ्हाईक. मालक भला माणूस. शिलाईच्या बायकांमध्ये मुख्य ठकूबाई. साठीच्या, माहेरी आणि सासरी दोन्हीकडं मेंढरं राखलेल्या, मग शहरात येऊन मशीनवर बसलेल्या. पाठ दुखते म्हणून स्टुलावर घोंगडीची घडी घालून बसायच्या.

तिथं सिलेंडर सहा. शाळा उघडायचे दिवस, त्यामुळे कापडाचे गठ्ठे छातीपर्यंत रचलेले. गफूरभाई मुलीच्या लग्नात अडकलेले, मी एकटा. पाच सिलेंडर नीट खोलून बघितले. सहावा इस्त्रीच्या कोपऱ्यात, गठ्ठ्यांच्या मागं. तो काढायचा तर गठ्ठे हलवावे लागणार. भूक लागली होती, ऊनही फार होतं. मागच्या वर्षी बरा होता, यंदाही असणारच, असं म्हणून मी गठ्ठ्यांवरून हात लांबवला, टॅग बांधला. सही केलेली होतीच.

पंधरा दिवसांनी मालकांचा फोन आला. "लगेच या! इस्त्रीच्या कोपऱ्यात आग लागली!" आणि फोन बंद.

स्कूटर कशी चालवली, मला आठवत नाही. आत चाळीसेक बाया बसतात आणि दार एकच, एवढंच डोक्यात होतं. देवा, माणसं वाचू दे, मग मला काय शिक्षा करायची ती कर, असं मी मोठ्यानं बोलत होतो.

पोचलो तर सगळ्या बाया अंगणात उभ्या. एकीलाही साधा चटका नव्हता! मी पायरीवर बसलो आणि लोकांसमोर ढसाढसा रडलो. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

आग लागली तेव्हा मालक बाहेर गेले होते; निरोप मिळताच तिथूनच त्यांनी मला फोन केला होता. परत आले तर आग विझलेली आणि कोपऱ्यात पिन काढलेला सिलेंडर पडलेला. त्यांनी मला मिठीच मारली. "तुमच्या सिलेंडरनं वाचवलं हो!" शेजारच्या दुकानदारांना बोलावून माझी ओळख करून दिली. हातात चहा दिला.

चहा तसाच धरून मी कोपऱ्यात गेलो आणि सिलेंडर उचलला. भरलेला! आतली पावडर ओल धरून गोळा होऊन बसली होती, चिमूटभरही बाहेर आली नव्हती. मानेवर टॅग नव्हता. बाजूला ओली, अर्धी जळलेली घोंगडी पडली होती.

मागं ठकूबाई उभ्या होत्या.

"पिन ओढली, दांडा दाबला, नाय चाललं," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "मंग घोंगडी भिजवली न् टाकली वरून."

"ठकूबाई, माझी चूक झाली. मी मालकांना आत्ताच सांगतो."

"सांगा की. तुमच्याच तोंडानं सांगा. म्या नाय सांगायची."

त्यांनी कमरेची पिशवी उघडली. माझ्या सहीचा टॅग कात्रीनं कापून आत जपून ठेवलेला होता. तो माझ्या हातावर ठेवला आणि शेजारी बोट दाखवलं. बाकीचे पाचही सिलेंडर भिंतीवरून काढून तिथं ओळीनं मांडलेले होते.

"च्या प्या आधी," ठकूबाई म्हणाल्या. "मंग खाली बसा, एकेक उघडून बघा. म्या हितं उभी हाय."