मोठीमायच्या दाराची कडी

फोन सकाळी आला. चहात बुडवलेलं बिस्कीट तुटून तळाला गेलं म्हणून मी स्वतःवरच चिडलो होतो. "भाऊ, मोठीमाय गेली," आमच्या गावाहून, मुर्रीहून, तिच्या शेजारच्या पार्वताबाई सांगत होत्या. "हाका मारून राह्यली, मारून राह्यली, आवाजच नाही. दार तोडावं लागलं. आतून कडी होती." झोपेतच गेली होती. वय ऐंशीच्या पुढचं, अंथरुणाला खिळली नाही, कुणाला त्रास नाही... लोक म्हणाले, सोनं झालं. माझ्या डोक्यात मात्र ती कडीच अडकून बसली. कारण कैक वर्षं त्या दाराला आतून कडी लागलीच नव्हती. ती लागत नव्हती याला कारण मी होतो, आणि शेवटी लागली त्यालाही कारण मीच.

मोठीमाय म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. काका लवकर गेले आणि ती बिड्या वळून जगली. दुपारी तिच्या अंगणात आठ-दहा बाया मांडीवर सूप घेऊन बसत, तेंदूपत्त्यावर कात्र्या चालत आणि मधोमध नऊ-दहा वर्षांचा मी शाळेच्या कपाटातलं पुस्तक मोठ्यानं वाचत असे. तिला अक्षरओळख नव्हती. "हात गुतले हायेत, कान तर रिकामेच हायेत ना," ती म्हणे, "वाच." हुशार म्हणून माझी निवड झाली, असं मी पुढं भाषणांतून सांगत आलो. खरं कारण वेगळं होतं. मी वळलेल्या बिड्या, माल मोजून घेणारा सट्टेदार सरळ फेकून द्यायचा. वाचनातही मी कामचोरच. सूर्योदयाचं वर्णन आलं की दोन पानं उलटून मोकळा. पण मोठीमायला फसवणं अवघड. हातातली बिडी न थांबवता ती विचारी, "काऊन बे पोट्ट्या, आत्ता तर ते नदीच्या पल्याड होते. पोहून आले का?" बाया खो-खो हसत, आणि मी मुकाट मागची पानं उलटायचो.

त्याच वर्षी तिचा एकुलता एक मुलगा धनू गोंदियाहून गाडीत बसून सुरतेला कामाला गेला. सोळा वर्षांचा होता. दोन पत्रं आली, ती मीच वाचून दाखवली. मग पत्रं बंद झाली. आणि नेमकं तेव्हाच कपाटातून माझ्या हाती लागलेलं पुस्तक होतं घर सोडून गेलेल्या मुलाचं आणि मागं राहिलेल्या आईचं. आठवडाभर वाचन चाललं. त्या दिवसांत सूर्योदयही गाळायची सोय नव्हती, मोठीमाय एकेक शब्द कान देऊन ऐकायची. शेवट उरला होता आणि मी ते पुस्तक तेंदूपत्ता भिजवायच्या घमेल्याच्या काठावर ठेवून गोट्या खेळायला गेलो. परत आलो तर पुस्तक पाण्यात. शेवटच्या दहा-बारा पानांचा लगदा. तो मी उकिरड्यात पुरला आणि दुसऱ्या दिवशी, मास्तर काय करतील या भीतीनं, मधलंच एक पान समोर धरून शेवट मनानं वाचला. पोळ्याच्या सकाळी मुलगा परत येतो. आईनं एवढी वर्षं दाराला कडी घातलेलीच नसते, म्हणून तो न हाक मारता थेट आत येतो. ती चुलीपुढं बसलेली असते...

बाया रडल्या. मोठीमायची कात्री थांबली होती. तिनं मला गुळाचा खडा दिला आणि मी तो खाल्ला. त्या दिवसापासून तिनं कडी लावणं सोडलं. कुत्री शिरू नयेत म्हणून दाराला आतून पाटा टेकवून ठेवी, एवढंच.

नागपुरात कॉलेजला असताना एका वाचनालयात ते पुस्तक मला अख्खं सापडलं. मुलगा परगावीच मेलेला असतो, तो येत नाही. मी तिथं उभ्या उभ्या हसलो. मग शिक्षक झालो, कथाकथन करू लागलो आणि हा किस्सा माझा हुकमी एक्का झाला. "मेलेल्याला मी पोळ्याला घरी आणलं!" टाळ्या ठरलेल्या. तेवढं मोठीमायला सांगायचं राहिलं. मुर्रीला गेलो की मी दार ढकलायचो, पाटा जमिनीवर घासायचा आणि आतून आवाज यायचा, "कोण, धनू?" मी म्हणायचो, "मी आहे." "हं. ये." एवढं ऐकूनही माझी ट्यूब पेटली नाही.

तीन वर्षांपूर्वी मुर्रीच्या शाळेत वाचनकट्ट्याचं उद्घाटन होतं. पाहुणा मी. पहिल्या खुर्चीवर मोठीमाय, धुवट लुगडं नेसून. मुलं कंटाळलेली दिसली आणि मी हुकमी एक्का टाकला. पोरं लोळून लोळून हसली. घरी परतताना ती माझा हात धरून चालत होती.

"त्या पुस्तकातला पोट्टा मेला होता?"

"...हो."

"तुले कवापासून मालूम?"

"कॉलेजात होतो तेव्हापासून."

थोडं चालून ती थांबली. "शाळेतल्या पोट्ट्यायले सांगतलंस. मले कायले नाही सांगतलं?"

"अगं, गोष्टच ती."

"तुह्यासाठी," ती म्हणाली आणि हात सोडून पुढं गेली.

अख्खं पुस्तक आणून वाचून दाखवतो, असं मी कबूल केलं. एकदा विसरलो, एकदा आणलं ते भलतंच. तिसऱ्यांदा तिनंच अडवलं, "राहू दे. आता तू पंचांग वाचलंस तरी मी पार्वताले इचारून घेईन." पार्वताबाई सांगतात, त्या उद्घाटनाच्या दिवसापासूनच दाराला कडी लागू लागली. मला कसं कळावं? त्यानंतर मी तीनदाच गेलो, तेही भर दुपारी, दार उघडं असताना.

वाचनानं माणूस घडतो, असं मी भाषणात सांगतो. घडतो, नाही कसा? त्या अंगणात मी टाळीची चव घेतली आणि पुढं तेवढीच घेत राहिलो. माझी मुलगी मिनू सातवीत आहे, भरपूर वाचते. पण नवं पुस्तक हाती आलं की आधी शेवटची पानं उघडून बघते. "गोष्ट कळून जाईल की," मी म्हटलं. "वाचत नाहीये बाबा. पानं आहेत का बघतेय." बापाकडून पोरीला मिळालं ते हे.

मागच्या आठवड्यात तुटलेलं दार बसवायला सुतार आणला. त्यानं फळ्या जोडल्या, बिजागऱ्या ठोकल्या आणि जुनी कडी हातात घेऊन विचारलं, "भाऊ, आतून लावू का बाहेरून?"

एरवी माझ्याकडं प्रत्येक गोष्टीचा शेवट तयार असतो.  या वेळी सुतारानंच कडी बाहेरून ठोकली.