रेषेची जाडी

भूमी अभिलेख खात्यात रुजू झाले तेव्हा ही नोकरी माझ्या हिशेबात एक थांबा होती. भौतिकशास्त्राची पदवी हाताशी होती, वरच्या पदाच्या परीक्षेचा अभ्यास चालू होता. तोवर तेल्हारा तालुक्यातली मोजणीची प्रकरणं भराभर निकाली काढायची, असा सरळ आराखडा होता. आम्ही शेतावर पोहोचतो तेव्हा धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, दोन्ही बाजूंना माणसं आधीच तयारीत उभी असतात, आणि प्रत्येकाला हद्दीची रेष शेजाऱ्याच्या अंगावर सरकलेली हवी असते. अशा ठिकाणी कोरडेपणा हा गुणच असतो. तो माझ्यात होता.

हिवरखेडच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याकडे असलेल्या एका वावरानं तो हलवला.

उन्हाळ्याचे दिवस होते. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या आणि काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. अर्जदार साठीच्या पुढची एक विधवा होती. तिनं तातडीची मोजणी मागितली होती. लगतचं वावर तिच्या चुलत दिराचं. त्याच्या विहिरीवरून धुऱ्याच्या कडेनं पाइपलाइन जायची होती, तिचं पाणी दोन्ही वावरांना मिळणार होतं, आणि चर खणायला पुढच्या आठवड्यात जेसीबी यायचा होता. धुऱ्यावरचा हद्दीचा जुना दगड काही वर्षांपूर्वी झुडपं काढताना कोणत्यातरी यंत्रानं उचलून कुठं फेकला, ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

"मॅडम, विहीर माही, पाइपाचा खर्च माहा, अन् मोजणी हिची," दीर म्हणाला. "काहून, तं म्हणे मले दगड पायजे. दगड पायजे तं नाल्यातून घेऊन जा न वयनी, लय पडले तिथं."

ती त्याच्याशी बोललीच नाही. माझ्या हातातल्या रोव्हरकडे, म्हणजे उपग्रहावरून जागा काढणाऱ्या काठीच्या यंत्राकडे, पाहत तिनं विचारलं, "हे दगड दाखोते?"

"दगड नाही दाखवत, आजी. तो होता ती जागा दाखवतं."

"जागाच पायजे."

शाबूत असलेल्या जुन्या खुणा मी आधी मोजल्या, त्यांच्यावर जुना नकाशा बसवला आणि हरवलेल्या दगडाचा बिंदू काढला. तो आताच्या धुऱ्याच्या किंचित दिराच्या बाजूला आला. दिराचा चेहरा आवळला गेला. वाद पेटायच्या आत मिटवावा म्हणून मी एक उपाय सुचवला. जुन्या काळी काही गावांत हद्दीचा दगड रोवताना त्याच्याखाली कोळसा पुरत. दगड हलवता येतो, कोळसा कुजत नाही. "थोडं खणून पाहू," मी म्हणाले. "कोळसा लागला की जागा पक्की."

आमच्या शिपायानं टिकास उचललं. ती बाई पुढे आली आणि त्या जागेवर बसली.

"खंदू नका."

"पाहा मॅडम," दीर म्हणाला. "तातडीची फी भरते, अन् खरं निघाची येळ आली की आडवी येते."

"भाऊजी, गप ऱ्हा थोडं." तिचा आवाज चढला नव्हता. "माही पोरगी हाये इथं."

शिपायानं टिकास खाली ठेवलं. मग तिनं सांगितलं, तेही माझ्याकडे न पाहता, जमिनीकडे पाहत. तिचं पहिलं बाळंतपण. मुलगी झाली आणि नाव ठेवायच्या आधीच गेली. तान्ह्या लेकराला जाळत नाहीत. नवऱ्यानं रीतीप्रमाणे वावरात नेऊन पुरलं आणि घरी येऊन एवढंच सांगितलं, की हद्दीच्या दगडाच्या पायथ्याशी ठेवली. ती स्वतः बाळंतपणाच्या बाजेवर होती. पुढं ती या वावरात आयुष्यभर निंदायला, वेचायला आली, दगड दिसत होता, वेगळी खूण करायची गरज नव्हती. मग दगड गेला, नवराही गेला. आता चर खणणारं यंत्र येणार होतं.

"दादानं मले कधीच सांगतलं नाही," दीर म्हणाला. तो धुऱ्याच्या आपल्या बाजूला उकिडवा बसला होता.

"मले तरी कुठं दाखोलं त्यायनं."

माझ्यापुढचा प्रश्न आता वेगळा होता. तिला जमीन नको होती. तिला एक जागा हवी होती, आणि ती पक्की करण्याचा माझ्याकडचा एकमेव मार्ग म्हणजे तिथं खणणं. उरलं ते गणित. जुन्या नकाशावरची हद्द शाईनं ओढलेली असते. कागदावर ती केसाएवढी दिसते, पण नकाशाच्या प्रमाणात जमिनीवर आणली की तिची नुसती जाडीच दोन-अडीच हात भरते. रेषेच्या या काठाला हद्द म्हणायचं की त्या काठाला, हे कागद सांगत नाही. एरवी ही अनिश्चितता मी एका मिनिटात निकाली काढते, मधोमध खूण करते आणि पुढच्या प्रकरणाकडे वळते. त्या दुपारी पहिल्यांदा लक्षात आलं, की एक तान्हं मूल त्या रेषेच्या आत पूर्ण मावतं.

मी बिंदूवर खुंटी ठोकली नाही. नकाशाची चूक, यंत्राची चूक आणि जुन्या खुणांची चूक एकत्र धरून जेवढा व्यास निघाला, तेवढा गोल चुन्याच्या फक्कीनं जमिनीवर आखला. तो दोन्ही वावरांत पसरला.

"या गोलाच्या आत," मी म्हणाले. "बहुतेक."

"बहुतेक म्हंजे?" तिनं विचारलं.

"अशा वीस जागा काढल्या, तर एखादी गोलाच्या बाहेर निघू शकते."

ती चुन्याच्या कडेशी आली. "मंग मोठा कर न गोल."

मी मोठा केला. ती त्याच्याभोवती एक फेरी मारून आली. "आता?"

"आता बाहेर असायची शक्यता फार थोडी."

"पण हाये."

"आजी, शंभर टक्के हवं असेल तर सगळं वावर गोलात घ्यावं लागेल."

"माहं बी घेसान काय मॅडम त्यात?" दीर म्हणाला. सवयीनं टोमणा मारून झाला आणि तो स्वतःच ओशाळला. उठून त्यानं गोलाची आपल्या बाजूची कड पाहिली, पायानं अंतर मोजलं. "पाइप माह्याकडून वळवून घेऊ. सरळच गेला पायजे असं काई नाही. दोन एल्बो जास्त लागतील. लागू दे."

मी प्रामाणिक उत्तर दिलं होतं, आणि तरीही एक गोष्ट बोलले नव्हते. काळी जमीन पावसात फुगते, उन्हात फाटते. वरची माती भेगांतून खाली पडते, खालची दाबानं वर येते, खोलवरचे खडे वर्षांनी पृष्ठभागावर दिसू लागतात. ही जमीन माणसाशिवायही स्वतःला नांगरत असते. तिच्यात पुरलेली कोणतीही गोष्ट पुरली तिथंच राहील, असं माझं शास्त्र म्हणत नाही. इतक्या वर्षांनी नाजूक हाडांचं काय उरलं असेल, हेही मला अंदाजानं ठाऊक होतं. विचारलं असतं तर सांगितलं असतं. तिनं विचारलं नाही.

कार्यालयाच्या नकाशावर गोल दाखवायची सोय नाही. तिथं मी नियमाप्रमाणे एक बिंदू दाखवला. चर गोलाला वळसा घालून गेला. प्रकरण संपलं. माझं मात्र धुऱ्यावरून चालणं बदललं. आता कुठल्याही शिवारात रेष काढताना तिची जाडी डोळ्यांपुढे येते आणि पाय नकळत कडेनं पडतात. परीक्षेच्या अभ्यासात काळ्या मातीवरची पानं आली, की ती मी भराभर उलटते.

दुसऱ्या वर्षी पेरणीच्या तोंडावर तिचा मुलगा कार्यालयात आला. मोजणीच्या वेळी तो अकोटला कापसाच्या जिनिंगवर कामाला असल्यामुळे भेटला नव्हता. तो उभ्यानंच बोलला.

"मॅडम, तुमी काय सांगतलं माह्या मायले? गोलाच्या बाहेरचे तास, पेऱ्याच्या ओळीच्या ओळी, सोडून राहिली ते. मागच्या हंगामात दोन सोडले, यंदा म्हणते अजून दोन. काई म्हणलं तं म्हणते, बाई म्हणली, बाहेर असू शकते. तुमी एकदा येऊन सांगा न तिले, की बाहेर नाही म्हणून."

मी गेले. चुना कधीच धुऊन गेला होता. त्या जागी गवताचं एक बेट उभं होतं, आणि दिराच्या बाजूनं ते जेवढं होतं तेवढंच होतं. तिच्या बाजूनं ते वाढलं होतं. बेटाच्या कडेला ट्रॅक्टर बंद करून मुलगा खाली उतरला आणि माझ्याकडे पाहत राहिला. वाटेत मी वाक्य तयार केलं होतं: आजी, आता पुरे, याच्या बाहेर नाही. ते मी म्हणालेही.

"तुले कसं समजलं?" तिनं विचारलं. तिच्या स्वरात आरोप नव्हता, खरीखुरी चौकशी होती. "नवी मशीन आली?"

"नाही."

"मंग?"

"तेव्हा जेवढं सांगता आलं, तेवढंच आजही सांगता येतं," मी म्हणाले. मुलानं मान फिरवली. ती मात्र माझ्यावर रागावली नाही. उलट तिचा चेहरा थोडा सैल झाला, जणू कोणीतरी आपल्यासोबत त्याच न सुटलेल्या जागी उभं आहे.

ती सोडलेल्या तासांकडे पाहत होती. मग तिनं मुलाला हाक मारली.

"बाहेरचे दोन पेर. पण टॅक्टर आणू नको इकडं. नांगर नको, वखर नको. हातानं डोबून घे."

"मायवं, हातानं किती येळ लागन?"

"लागू दे. बोटाच्या खाली जाऊ नको."

तिनं सरकीची पिशवी ओच्यात घेतली आणि स्वतःच पहिल्या तासाला बसली. एक बोट मातीत, दोन दाणे, वरून माती सारायची, तळहातानं हलकं दाबायचं. जरा थांबून पुढे सरकायचं. मुलगा थोडा वेळ कमरेवर हात ठेवून उभा राहिला, मग दुसऱ्या तासाला बसला. सुरुवातीला त्याचं बोट खोल जात होतं. तिनं न बोलता त्याचं मनगट धरून वर उचललं. त्यानंतर तो तिच्याएवढंच खोल जाऊ लागला.