ईदचे बूट

वडगाव मावळच्या बाजारात नजमाचं बांगड्यांचं दुकान आहे आणि तिचा राग अख्ख्या गल्लीला पाठ आहे. गिऱ्हाइकानं डझनभर बांगड्या काढायला लावून 'नको' म्हटलं की संपलंच. पण त्या दिवशी तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती लेकीवरून.

दहा वर्षांची सुमय्या शाळेच्या खो-खो संघातली सगळ्यात चपळ पोर. शाळेत पायांच्या तपासणीचं शिबिर आलं. मुलांना अनवाणी एका मशीनवर उभं करायचे आणि पाऊल जिथं जास्त दाबतं ती जागा पडद्यावर लाल दिसायची. सुमय्याची बोटं आणि चवडे लालभडक निघाले. शिबिरातल्या माणसानं सांगून टाकलं, पोरगी फार धावते, धावणं बंद करा. झालं! तालुक्याचे सामने तोंडावर आणि सुमय्या संघाबाहेर.

नजमा दुकान उघडं टाकून तडक शाळेत गेली. खेळाच्या सारिका मॅडम मैदानातच होत्या.

"व्हय वो मॅडम, दिसभर मोबाईल घिऊन लोळणारी पोरं चांगली, आन् माजी पळती म्हनून वाईट? पोरास्नी काय लोणच्यागत बरनीत ठिवायचं?"

"नजमाताई, मलाही ते पटलेलं नाही. संघातल्या सगळ्याच मुली धावतात, एवढं लाल कुणाचंच आलं नाही. पण सुमय्या पायाची बोटं आखडून उभी राहते, मी पाहिलंय. कारण कळल्याशिवाय मी तिला कशी खेळवू?"

"कारन? दुसऱ्या कुनाची तरी पोर घुसवायची आसंल तुमाला!"

मॅडमचा चेहरा पडला. त्यांनी सुमय्याला हाक मारली आणि बूट काढायला सांगितले.

बूट ईदला घेतलेले. पोरांचे पाय वाढतात, म्हणून चांगले दोन नंबर मोठे घ्यायचे आणि पुढं कापसाचा बोळा कोंबायचा, म्हणजे पुढच्या ईदलाही चालतात. गल्लीत घरोघर असंच करतात, त्यात नजमाला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. मॅडमनी बोळा ओढून काढला. घामानं भिजून वाळून तो पार दगड झाला होता. मग त्यांनी मोजे उतरवले. बोटांची टोकं सोलवटलेली आणि चवड्याला फोड.

"बूट निसटू नये म्हणून ही दिवसभर बोटांनी धरून ठेवते. अनवाणी असली तरी आता तीच सवय लागलीय," मॅडम म्हणाल्या. "धावण्याचा दोष नाही हो. मापाचे बूट मिळाले तर खुशाल धावू दे. पण हे बरं होईपर्यंत नाही. या सामन्यांत तर नाहीच."

सुमय्याच्या डोळ्यांत पाणी आलं. नजमा तिच्यावरच उखडली.

"येवढं सोलवटंस्तोवर गप ऱ्हायलीस? बोलाया काय झालं हुतं तुला?"

सुमय्या दोन पावलं मागं सरकून मॅडमच्या आडोशाला उभी राहिली.

"तू वरडशील म्हनून, अम्मी."

नजमानं बूट भिरकावायला उचलला होता. तो तिच्या हातातच राहिला. राग अजून धगधगत होता, पण आता तो घेऊन कुणाच्या दारात जायचं, हे तिला कळेना.