उमललेला मोगरा

दहावीची परीक्षा संपली त्याच आठवड्यात हेमांगीने घरात विषय काढला, की अकरावीला मुंबईच्या कॉलेजात जायचं. तिचे वडील काशिनाथ नाही म्हणाले नाहीत. नाही म्हणणाऱ्याशी भांडता तरी येतं. ते एवढंच म्हणाले, की बाहेर गेलेली पोरं एकतर रडत परत येतात, नाहीतर वाडी विसरतात. तेव्हा सुट्टीत महिनाभर कुठंतरी नोकरी कर, टिकलीस तर संमतीपत्रावर सही करतो. फॉर्म ऑनलाइन होता, पण पालकांची सही कागदावरच लागत होती.

वसईतल्या त्यांच्या वाडीत मोगरा होता. सहाव्या वर्षापासून हेमांगी पहाटे कळ्या खुडत आली होती. पण नोकरी देणाऱ्यांना हा अनुभव चालत नाही. मोबाइलच्या दुकानदाराने कॉम्प्युटर येतो का विचारलं. केकवाल्या बाईंनी ख्रिसमसला ये म्हणून सांगितलं. तेव्हा एप्रिल चालू होता. क्लासच्या सरांनी नोकरी दिली नाही, अकरावीच्या फीचा कागद मात्र आठवणीने दिला.

शेवटी वालीवच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात काम मिळालं. तिथे प्लॅस्टिकची फुलं बनत. पहिल्याच दिवशी तिच्यापुढे मोगऱ्याचा ढीग ओतला गेला. हसावं की रडावं, तिला कळेना. घरी तिने नुसतं ‘पॅकिंगचं काम’ एवढंच सांगितलं. सुपरवायझर फ्रान्सिसने काम समजावलं ते सोपं होतं: चांगला माल खोक्यात, खराब गोणीत. गोणीतल्या मालाचा संध्याकाळी भुगा होत असे.

हेमांगीचे हात चालू लागले. चार दिवस तिच्याइतकं भराभर कुणी निवडलं नाही. फ्रान्सिसने इतर बायकांना तिचा दाखलाही दिला, त्यामुळे तिच्याशी कुणी बोलेना. पाचव्या दिवशी खोकी उघडली, तर आत नुसत्या कळ्या. उमललेलं फूल न् फूल तिने गोणीत टाकलं होतं, आणि गोण्यांचा भुगा झाला होता.

त्या फुलांत काय खराब होतं, असं फ्रान्सिसने विचारलं.

“उमललेली होती,” हेमांगी म्हणाली. “संध्याकाळपर्यंत पिवळी पडली असती.”

फ्रान्सिसने एक फूल उलटंसुलटं करून पाहिलं. ते दहा वर्षं पिवळं पडणार नव्हतं. तो वसईचाच, त्यामुळे त्याला हसू आलं. मालकाला आलं नाही.

दुपारीच हेमांगी रिक्षाने घरी निघाली आणि वाटभर रडली. मुंबई गेली, कॉलेज गेलं, आणि तेही प्लॅस्टिकच्या मोगऱ्यापायी. काशिनाथ ओट्यावर केळीची पानं पुसत बसले होते. तिने त्यांना सगळं सांगून टाकलं; आता लपवण्यासारखं राहिलं तरी काय होतं?

“सगळी उमललेली काढलीस?” त्यांनी विचारलं.

“सगळी.”

“कुणी सांगितलं तुला?”

“कुणीच नाही. हात आपोआप तसेच चालले.”

ते बराच वेळ पानं पुसत राहिले. पुसलेलं पान त्यांनी पुन्हा पुसलं. मग उठून हात धुतले, चष्मा शोधला आणि संमतीपत्राचा कागद मागितला. हेमांगीला राहवेना. महिना कुठं झालाय, ती म्हणाली, पाच दिवससुद्धा धड झाले नाहीत.

“बाहेर टिकायचं ते तुझं तू बघ,” ते म्हणाले. “मला कळायचं होतं ते कळलं.”

कागद डोळ्यांजवळ धरून त्यांनी दोन ठिकाणी सही केली. लागत होती एकच.